दुसरं कडवं होऊ द्या!

साहेबांच्या मते चिमणीचा आवाज हा कंपनीचा ठेवा होता. अडचण एवढीच की तो कुणाला नीट ऐकू येत नसे. वॉशिंग मशिन बनवणाऱ्या त्या कंपनीच्या तक्रार विभागात पाच जणी फोन घेत आणि त्यांतली सगळ्यांत हळू बोलणारी ही, म्हणून तिचं नाव पडलं चिमणी. चिडलेलं गिऱ्हाईक तिच्यावर ओरडायला लागलं की दोन वाक्यांतच त्याला स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागे आणि ते ओशाळून गप्प होई.

म्हणूनच त्या सोमवारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "होल्डवरची ती जुनी टिंगटिंग ऐकून लोक आणखी पेटतात. तुझ्या आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड कर. 'आपला फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया थांबा.' बाराच्या आत आयटीवाल्याकडे पाठव."

चिमणीने फायलींच्या खोलीत जाऊन, दार लावून, आपल्या मोबाइलवर ती दोन वाक्यं नऊ वेळा म्हटली. नवव्या वेळी बरी जमली. तिने फाइलला नाव दिलं 'फायनल नवीन' आणि बाराला पाच कमी असताना घाईघाईने आयटीवाल्याला पाठवून दिली.

पाठवली ती मात्र 'नवीन फायनल'.

ही 'नवीन फायनल' आदल्याच दिवशी, रविवारी दुपारी, चिमणीच्या घरी तयार झाली होती. कपाटाची दोन्ही दारं उघडून, रजया आणि स्वेटरांमध्ये तोंड खुपसून ती गायली होती. दादाने जुन्या कीबोर्डवर साथ दिली. दादाला तीनच सूर धरता येत, पण प्रेमभंगाला तीन पुरेत, असं वहिनीचं मत पडलं. वहिनी स्वतः दाराशी पहारा देत उभी होती आणि पहिल्या कडव्यालाच पदर डोळ्यांना लावून "अगं बाई, अगं बाई" करत होती. ते दोन 'अगं बाई' गाण्यात आलेही होते.

गाण्यामागची हकीकत छोटी होती. सात महिन्यांपूर्वी चिमणीचं ठरलेलं लग्न मोडलं. मोडलं म्हणजे त्याने मोडलं. कॉफीचा कप पुढे सरकवत तो म्हणाला होता, "तू चांगली आहेस गं. पण तुझ्यात ते... हे नाहीये."

"काय नाहीये?"

"ते गं. हे!" आणि त्याने हवेत एक मूठ उघडून दाखवली होती.

सात महिने चिमणी ते 'हे' शोधत होती. आरशात पाहून झालं, रडून झालं, केस कापून झाले. शेवटी एका दुपारी तिने पाठकोऱ्या कागदावर लिहिलं:

जायचं तर जा, पण दार ओढून घे,
माझ्या खोलीला माझं ऊन पुरे.

आणि दुसऱ्या कडव्यात:

कमी काय होतं ते सांगून जा,
नाही तर 'कमी' हा शब्दच घेऊन जा.

हे गाणं घरातल्या तिघांपलीकडे कुणाला ऐकवायचं नाही, अशी वहिनीला शपथ घातलेली होती.

आयटीवाला फायली ऐकत नसे. फाइल चढली की त्याचं काम संपलं. दुपारी दोनला त्याने ती चढवली आणि तो डबा खायला बसला.

दोन वाजून सहा मिनिटांनी चिमणीने पहिला फोन उचलला. "नमस्कार, आपली काय सेवा करू?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग एक प्रौढ बाई म्हणाल्या, "इतक्यात कशाला उचललात हो?"

"अं? आपली तक्रार..."

"तक्रार गेली खड्ड्यात. दुसरं कडवं नुकतं सुरू झालं होतं. 'कमी काय होतं ते...' पुढे काय आहे? सांगा ना!"

चिमणीच्या हातातलं पेन खाली पडलं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण आपल्या फोनवर सांगत होती, "नाही हो काका, परत होल्डवर नाही टाकता येत. तुमचा नंबर लागलाय. अहो, रडू नका."

चिमणी धावत आयटीवाल्याच्या खोलीत शिरली. "ते काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

"काय काढू?"

"होल्डवरचं! चुकीची फाइल आहे!"

आयटीवाल्याने घास गिळून सावकाश हात पुसले. "काढायचं तर मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. फॉर्म भरावा लागतो. कारण लिहावं लागतं."

"चढवताना नाही लागली मंजुरी?"

"चढवताना कोण विचारतं?" तो म्हणाला. "आणि एक सांगतो. आपल्या एकट्याचं नाही हां ते. सातही शाखांना एकच होल्ड आहे."

चिमणी जवळच्या खुर्चीवर बसली. ती प्रिंटरची खुर्ची होती आणि तिच्यावर कागदांचा गठ्ठा होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही. सात शहरांत, कपडे धुण्याच्या साध्या साध्या अडचणी घेऊन बसलेली शेकडो माणसं, या क्षणी तिच्या रजयांच्या कपाटात डोकावत होती. फॉर्म भरायचा म्हणजे कारण लिहायचं. आणि कारण लिहायचं म्हणजे सांगायचं, की हे माझं आहे. तिने फॉर्म घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला.

तीन वाजेपर्यंत विभागात गहजब झाला. एरवी तासाला चाळीस फोन येत. आता शंभरावर गेले. ज्यांचं मशिन उत्तम चाललं होतं तेही फोन करू लागले. एकाने तक्रार नोंदवली, "मशिन फारच शांत चालतं, काळजी वाटते." एका आजीबाईंनी सरळ सांगितलं, "माझ्याकडे तुमचं मशिनच नाही बाळा, मी हातानं धुते. मला फक्त रांगेत उभं कर." दुरुस्तीची माणसं चार घरी जाऊन परत आली, कारण तिथे काहीच बिघडलं नव्हतं, उलट दोन ठिकाणी त्यांनाच बसवून फोनवर गाणं ऐकवलं गेलं.

सव्वातीनला एक गृहस्थ खरोखरच तणतणत आले फोनवर. "तुमच्या कंपनीमुळे मी माझ्याच घराबाहेर उभा आहे!"

"काय झालं काका?" चिमणीने घाबरत विचारलं.

"बायकोने तुम्हाला फोन लावला, स्पीकरवर. पाच मिनिटं ऐकलं आणि मला म्हणाली, 'दार ओढून घे.' मला वाटलं वारा येतोय. मी गेलो, ओढून घेतलं, आणि बाहेर राहिलो! आता उघडत नाही. आतून गाण्याचा आवाज येतोय. तुम्ही पटकन तिचा फोन घ्या, म्हणजे गाणं थांबेल!"

चिमणीने रांगेतला त्यांच्या घरचा नंबर शोधला आणि फोन घेतला. बाई म्हणाल्या, "उघडते हो. एकवीस वर्षांत आज पहिल्यांदा एवढा वेळ माझ्याशी दाराआडून बोलतोय. दोन मिनिटं बोलू द्या की त्याला."

तेवढ्यात चिमणीचा मोबाइल थरथरला. वहिनी होती. "अगंऽऽ! तू सांगितलं नाहीस! खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मशिनसाठी फोन लावला तर तू! माझे 'अगं बाई' पण आहेत! आम्ही नऊ जणी आहोत इथे, स्पीकरवर, रांगेत. उचलू नका हं कुणी!"

"वहिनी, शपथ घातली होती मी!"

"मी कुठे सांगितलं? मी फक्त रडले. त्यावरून त्यांनी ओळखलं."

साडेतीनला साहेब केबिनमधून बाहेर आले. काय प्रकार आहे ते तपासायला त्यांनी स्वतःच तक्रारीचा नंबर फिरवला होता आणि त्याला बारा मिनिटं झाली होती. ते चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी पुन्हा पुसला.

"कोण आहे ही बाई?" ते गरजले, पण मधेच आवाज चिरकला. "कुणी मागवलं हे? मोठ्या साहेबांचा फोन येऊन गेला. सातही शाखा ठप्प आहेत. पाचच्या आत नाव हवंय त्यांना. नाव नाही मिळालं तर या विभागातल्या सगळ्यांना लेखी नोटीस!"

पाचही जणी एकमेकींकडे पाहू लागल्या. चिमणी मनाशी मोजू लागली. आपल्यामुळे चौघींना नोटीस. त्यांतल्या एकीची मुलगी आजारी, एक अजून कायम झालेली नाही. सांगायला हवं होतं. तिने तोंड उघडलं. पण आवाज नेहमीसारखाच आतल्या आत राहिला आणि समोरचा फोन वाजला.

तिने तो उचलला. पडद्यावर नाव उमटलं.

तो होता. ते... हे वाला.

ती फोनवर काम करते एवढंच त्याला माहीत होतं. कुठे करते, हे त्याने दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

"नमस्कार," चिमणी म्हणाली. "आपली काय सेवा करू?"

"मशिन फिरताना जागेवरून चालत सुटतं," तो म्हणाला. "काल दारापर्यंत आलं. पण ते जाऊ द्या. ते गाणं कुणाचं आहे हो?"

"का बरं?"

"मॅडम, मी साधारणपणे असली गाणी ऐकत नाही. पण काय आवाज आहे! आणि तो माणूस कोण असेल हो? एवढ्या चांगल्या मुलीला म्हणतो कमी आहे, आणि काय कमी ते सांगत पण नाही! नालायक असतात एकेक."

चिमणीने एक हात टेबलावर घट्ट टेकवला.

"असेल एखादा," ती म्हणाली.

"नाही, मला राग आला खरंच. आणि त्या बाईच्या आवाजात ना, ते आहे. ते..."

"काय आहे?"

"ते हो. हे!"

सात महिने उशी भिजवून शोधलेली वस्तू त्या माणसाने आपण होऊन तिच्या हातात ठेवली होती आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. तिला आधी रडू येईल असं वाटलं. मग हसू येईल असं वाटलं. आलं ते तिसरंच काहीतरी. पाठ आपोआप ताठ झाली.

"मशिनच्या मागे चार बोल्ट आहेत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. शेजारच्या चौघींनी वळून पाहिलं. "ने-आण करताना आतला ड्रम हलू नये म्हणून लावलेले. वापरायच्या आधी ते काढायचे असतात. तुम्ही काढलेच नाहीत."

"मला कुणी सांगितलंच नाही."

"पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. वाचायला हवं होतं. आणखी काही?"

"एक विनंती होती," तो ओशाळून म्हणाला. "परत एकदा होल्डवर टाकता का?"

"आनंदाने," चिमणी म्हणाली, आणि टाकलं.

मग ती उठली. साहेबांच्या केबिनचं दार तिने तीन वर्षांत पहिल्यांदाच न ठोठावता उघडलं. साहेब मोठ्या साहेबांशी स्पीकरवर बोलत होते. चिमणी म्हणाली, "साहेब, ते गाणं मी गायलंय. लिहिलंय पण मीच. चूक फाइलची झाली. बाकीच्या चौघींचा काही संबंध नाही."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. "तू? अगं, पण तुझा आवाज तर..."

"कपाटात चांगला लागतो," चिमणी म्हणाली.

स्पीकरमधून मोठ्या साहेबांचा करडा आवाज आला. "गाणं ताबडतोब उतरवा. मंजुरी देतोय. आणि त्या बाईंचा लेखी खुलासा मला आज, सहाच्या आत!" फोन आपटल्याचा आवाज झाला.

आयटीवाल्याने गाणं उतरवलं. जुनी टिंगटिंग परत आली आणि दहा मिनिटांत फोन तासाला चाळीसवर आले. चिमणी खुलासा लिहायला बसली. 'माझ्या हातून घडलेल्या अक्षम्य चुकीबद्दल मी कंपनीची हात जोडून क्षमा...' इथवर आली तोच साहेबांनी मागून वाकून वाचलं आणि तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अक्षम्य काय? हात जोडून काय?" त्यांनी अख्खी ओळ खोडली. "फाइल चुकली, एवढंच लिही. माणसाने चुकीएवढीच माफी मागावी. उरलेली कशाला फुकट वाटायची?"

"पण साहेब, नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली... म्हणजे, जाऊ नये. मी खाली सही करतो." आणि त्यांनी खरंच चिमणीच्या सहीशेजारी आपली लांबलचक सही ठोकली.

खुलासा तीन ओळींचा झाला. फाइल चुकून पाठवली. आता योग्य फाइल पाठवली आहे. चुकीच्या फाइलमधलं गाणं माझं आहे.

रात्रभर चिमणीला झोप लागली नाही. वहिनीने तिला दोनदा दूध दिलं आणि स्वतःच प्यायली. दादा म्हणाला, "काढलं तर काढलं, आपण चौथा सूर शिकू."

सकाळी कार्यालयात पोचली तेव्हा टेबलावर मुख्य कार्यालयाचा लिफाफा होता. चौघी भोवती जमल्या. आयटीवालाही आला. साहेब केबिनच्या दारात उभे राहून दुसरीकडेच पाहत असल्यासारखं करत होते. चिमणीने लिफाफा फोडला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आतलं पत्र छापील होतं.

'आपला खुलासा मिळाला. सदर फाइल यंत्रणेतून उतरवल्याची नोंद घेतली आहे. यापुढे फाइल पाठवण्यापूर्वी तपासून पाहावी. प्रकरण बंद करण्यात येत आहे. तथापि, उतरवलेल्या फाइलची एक प्रत निम्नस्वाक्षरीकाराच्या घरच्या पत्त्यावर पाठवावी.'

मोठ्या साहेबांच्या सहीखाली, निळ्या शाईत, हाताने आणखी एक ओळ खरडलेली होती. ती वाचताना चिमणीचा आवाज मुळीच हळू नव्हता.

'घाई नाही. पण आज मिळाली तर बरं होईल.'