समेवर चुकणारी बाई

या, असे जवळ सरकून बसा. एकाहत्तर सालची गोष्ट सांगतो, ऐकून हात आपोआप जोडले जातील.

शेवगावकडचे आसाराम पखवाजी सहा महिने मुके झाले होते. झोप नाही, भूक नाही, पखवाज गवसणीत. गाव म्हणे, बाहेरची बाधा. त्यांच्या बायकोला, भागूबाईंना एवढंच हवं होतं, धन्यानं एक शब्द बोलावा. म्हणून त्या त्यांना एसटीनं नगरला घेऊन आल्या. तिथल्या एका दवाखान्यात डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी कागदावर उमटवणारं यंत्र होतं.

डोक्याला तेल नको, असं बजावलेलं. पण देवळातल्या समईचं तेल भागूबाई तेलात धरत नव्हत्या. निघताना त्यांनी वाटीभर थापलं. झालं! एक तार चिकटवावी, तर दुसरी घसरे.

"मावशी, हे काय?" डॉक्टर वैतागले.

"अंगारा बी लावनार हुते. तुमी रागावाल म्हनून ऱ्हाऊ दिला."

नर्स रेबेकाबाईंनी शिकेकाईनं तीनदा डोकं धुतलं, तेही न कुरकुरता. त्या चर्चच्या कीर्तनात गायच्या. हात कामात असले की गुणगुणायची सवय.

"हलायचं नाही, बोलायचं नाही," डॉक्टरांनी आसारामांना सांगितलं.

"सा म्हैनं दुसरं काय करत्यात?" भागूबाई म्हणाल्या.

कागद सरकू लागला. एक तार अजून निसटत होती, ती धरून रेबेकाबाई गुणगुणत उभ्या. तोच यंत्राची पेनं उसळली! ठरावीक अंतरानं उंच उंच दाते.

"झटके येतायत!" डॉक्टर उठले. भागूबाईंनी पदर तोंडात धरला. रेबेकाबाई दचकून गप्प झाल्या, पेनंही गप्प. भीती घालवायला त्या पुन्हा गुणगुणल्या. पेनं पुन्हा नाचली. डॉक्टर वाकून बघतात, तर आसारामांचा जबडा ठेका धरतोय!

"सिस्टर, गाणं बंद!"

"बंद कशापायी?" खाटेवरून खरखरीत आवाज आला. "समेवर येऊ द्या की तिला. मघाधरनं चुकतीय बया."

भागूबाई हसत हसत रडल्या.

झटके नव्हतेच, जबड्याचा ठेकाच कागदावर उमटला होता. दुसरा कागद स्वच्छ निघाला. "पण दुखणं खरं आहे, मावशी," डॉक्टर म्हणाले. "मनाचं. बाधा नाही. गोळ्या चुकवू नका."

गोळ्यांचा गुण यायला आठ महिने लागले. पुढच्या हरिनाम सप्ताहात आसाराम पखवाजाला बसले, तेव्हा पहिल्या रांगेत रेबेकाबाई मनापासून टाळी देत होत्या, नेमकी अर्धी मात्रा उशिरा. सगळे टाळकरी कपाळाला आठ्या घालून बघू लागले. आसारामांनी जन्मात पहिल्यांदा सम अर्धी मात्रा उशिरा आणली, नेमकी बाईंच्या टाळीवर.

तेव्हा कीर्तनात शेजारचं कुणी बेताल टाळी देत असेल, तर रागावू नका. रेबेकाबाईंची तेवढी आठवण काढा.