हिरव्या सोफ्याची वरात

बाबाकारने सोफा आणायचं ठरवलं ते मावशीमुळे.

बिनेतामावशीचं न्यूयॉर्कमध्ये वेण्या घालून देण्याचं दुकान होतं. सेनेगलमधल्या बहिणीचा मुलगा मॉन्ट्रियलमध्ये नेमका कसा राहतो, हे बघून बहिणीला कळवायची जबाबदारी तिने स्वतःहून अंगावर घेतली होती. एक जुलैला दुपारी पोचते, असा तिचा निरोप आला तेव्हा बाबाकारने खोलीवरून नजर फिरवली. दोन गाद्या, एक टेबल आणि बसायला दुधाचे दोन उलटे क्रेट. मावशीने नाक मुरडलं की आई त्याला परत होस्टेलमध्ये धाडणार, हे नक्की होतं. आणि होस्टेलमध्ये मासे तळायला बंदी होती.

"मावशीला काय क्रेटवर बसवणार?" तो म्हणाला.

"एकावर एक ठेवू. उंच होईल," त्याचा रूममेट लाझार म्हणाला. (लाझार ट्युनिशियाचा. तत्त्वज्ञान शिकत असल्यामुळे त्याला कसलीच अडचण दिसत नसे.)

एक जुलैला निम्मं मॉन्ट्रियल घर बदलतं. फुटपाथवर टाकून दिलेलं सामान आणि ट्रकची वाट बघणारं सामान शेजारीशेजारी उभं असतं, आणि दोन्हींचे चेहरे सारखेच पडलेले असतात. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर एक हिरवा सोफा होता. बाबाकारने बसून पाहिलं. मऊ होता. शेजारी फाटकी गादी होती, म्हणजे सोफाही टाकलेलाच असणार, असा त्याने निष्कर्ष काढला. (तो सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. निष्कर्ष काढायची सवय होती.)

दोघांनी सोफा उचलला. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि वर जायला बाहेरून गोल वळत जाणारा लोखंडी जिना. तिसऱ्या वळणावर सोफा अडकला. तळमजल्यावरच्या मादाम झर्वे कॉफीचा कप घेऊन बाहेर आल्या.

"डावीकडून घ्या!"

"कुणाच्या डावीकडून?" लाझार सोफ्याखालून ओरडला.

"माझ्या!"

तासाभराने सोफा दारापर्यंत पोचला आणि दारात मावेना. तेव्हा बाबाकारने दारच काढलं. सोफा आत गेला. दार काही परत बसेना, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवलं.

मावशी आली, सोफ्यावर बसली आणि खूश झाली. लगेच बहिणीला फोन लावला. "अगं, झकास राहतोय तुझा मुलगा! दार नाहीये, पण बसायला सोफा आहे."

फोन खाली ठेवते न ठेवते, तोच कुणीतरी भिंत वाजवली. (दार नसल्यामुळे दुसरं काय वाजवणार?) घामाघूम झालेला एक टकला माणूस उभा होता.

"माफ करा. मी रेजां. पलीकडच्या इमारतीतून घर हलवतोय. ट्रक आणायला गेलो आणि परत येतो तर सोफा गायब! हिरवा सोफा. तुम्ही पाहिलात का?"

मावशीचा निळा झगा चांगला ऐसपैस होता. सोफ्याचा हिरवा रंग जेमतेम एका कोपऱ्यातून डोकावत होता. बाबाकार हळूच सरकून त्या कोपऱ्यापुढे उभा राहिला.

"हिरवा म्हणजे नेमका कसा हिरवा?" लाझारने विचारलं.

"साधा हिरवा हो! सोफ्याच्या उजव्या हातावर मांजराने ओरबाडलंय."

मावशीने आपल्या कोपराखाली पाहिलं. मग सावकाश उठून उभी राहिली.

"बाबाकार, सोफा कुठून आणलास?"

"खालून."

"खालून म्हणजे दुकानातून?"

"दुकानासमोरून."

"तुझ्या आईला आत्ताच काय सांगितलं मी? आता फोन करून चोर आहे म्हणून सांगू?"

"मावशी, मला वाटलं टाकून दिलाय..."

"टाकलेल्या वस्तूवर मला बसवलंस?"

यावर कुठल्याच बाजूने सुटका नव्हती. रेजां बिचारा भला माणूस. झालं ते झालं, म्हणाला. पण मावशी ऐकेना. "पोरं पोचवून देतील. नव्या घरात, वरपर्यंत."

वरपर्यंत म्हणजे तिसरा मजला, हे ट्रकमधून उतरल्यावर कळलं. मावशी ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून आली होती आणि आता खाली उभी राहून हुकूम सोडत होती. पण एकदा वर आणि एकदा खाली करून दोघांचा हात बसला होता. सोफा न अडकता, न ओरडता, दार न काढता आत गेला. बाबाकारला स्वतःचंच कौतुक वाटलं. इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांत त्याला एवढं नीट काहीच जमलं नव्हतं.

खाली आला तर शेजारची एक बाई मावशीशी बोलत होती.

"काय सुरेख उचलतात हो तुमची माणसं! माझा फ्रिज नेतील?"

"मॅडम, आम्ही विद्यार्थी..." बाबाकारने तोंड उघडलं.

"नेतील," मावशी म्हणाली.

फ्रिज पाठीवर घेऊन तो पहिल्या वळणावर पोचला, तेव्हा मावशी खालून आईशी फोनवर बोलत होती.

"अभ्यासाचं काही दिसलं नाही बाई. पण फ्रिज काय उचलतो! हाताला काम लागलंय, तू आता काळजी सोड."