मधूकाकांची हरकत

माझ्या लग्नात मधूकाकांनी हरकत घेतली होती. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "हरकत आहे." मांडव गप्प झाला. माझे सासरे पांढरे पडले. मुलीकडच्या मंडळींना वाटलं, मुलाचं बाहेर काहीतरी निघालं. काका सावकाश पुढे आले आणि भटजींना म्हणाले, "'सावधान' म्हणायच्या आधीच अक्षता पडल्या. सगळ्यांनी घाई केली. हे धरता येणार नाय, परत घ्या." भटजींनी बिचाऱ्यांनी ते कडवं परत म्हटलं. भांडण झालं की माझी बायको अजून म्हणते, पहिल्याच वेळी देवानं थांबवलं होतं, मला कळलं नाही.

काका आमचे शेजारी. एसटीत कंट्रोलर होते, जव्हारच्याच स्टँडवर. सुटलेली गाडी हात करून परत फलाटाला लावायला सांगायचे म्हणून ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना वचकून असत. रिटायर झाले तरी खोड गेली नाही. पत्त्यांत डाव बिघडला की "पिसणं नीट झालं नव्हतं, परत वाटा." हॉटेलात चहा आला की एक घोट घेऊन "परत." गणपतीच्या आरतीत कुणी कडवं गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून, मग हातातलं निरांजन विझलं तरी चालेल. त्यांना आख्खं गाव हरकतकाका म्हणतं. समोरही म्हणतं. त्यावर मात्र त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

पण त्यांच्या हरकतींचा खरा मोसम म्हणजे जानेवारी. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आमच्याकडे खालच्या मैदानावर विवाहित विरुद्ध अविवाहित असा फुटबॉलचा सामना होतो. कुणी सुरू केला, का केला, कुणाला ठाऊक नाही. दिवाळीनंतर पोरं बोईसर-भिवंडीकडे कामाला पांगलेली असतात, त्यामुळे अविवाहितांचे अकरा जमवताना नाकी नऊ येतात. चषक म्हणून कबड्डीच्या कुठल्याशा स्पर्धेतला जुना कप आहे. त्यावरच्या खेळाडूचा एक हात तुटलाय, म्हणून तो आता काय करतोय हे नेमकं सांगता येत नाही. मी रेफ्री. धावता येत नाही, पण माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि शिट्टी दुकानातच मिळते.

मधूकाका विवाहितांचे गोली. मला कळायला लागल्यापासून त्या गोलात दुसरा माणूस उभा राहिलेला मी पाहिला नव्हता. पोट पुढे, गुडघ्यांना पट्टे, डोक्यावर माकडटोपी. मैदानाच्या ज्या टोकाला उतार लागतो तिकडचा गोल त्यांचा. आमच्याकडे हाफटाइमनंतर बाजू बदलत नाहीत. पूर्वी बदलत, पण काकांनी हरकत घेऊन ते बंद पाडलं. उन्हाचं काहीतरी कारण दिलं होतं. खरं कारण गोलच्या मागे, उतारावरच्या उंबराखाली, एका दगडावर बसलेलं असायचं. काकांच्या बायकोचे, शालूकाकूंचे, गुडघे काकांपेक्षा वाईट होते. अर्ध्यात उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाणं त्यांना जमायचं नाही.

काकू वर्षभर घराबाहेर फारशा दिसत नसत. बाजारही काकाच आणत. पण मॅचच्या दिवशी शाल गुंडाळून, मांडीवर सुपात वाल घेऊन त्या दगडावर येऊन बसायच्या आणि सोलत राहायच्या. मान वर केलेली मला आठवत नाही. तरी बॉल रेषेच्या आत होता की बाहेर यावर वाद झाला की काका मागे हात करून म्हणायचे, "हिला विचारा, हिनं पाहिलंय." सगळे उंबराकडे बघायचे. काकू वाल सोलता सोलता म्हणायच्या, "होय. मी पाहिलं. बाहेर होता." मग बाहेर. एवढ्या शांतपणे सांगणाऱ्या बाईला खोटं कोण पाडणार? रेफ्री मी असलो तरी निकाल त्या सुपापाशी लागायचा.

आमच्या स्पर्धेचा मुख्य नियम असा, की अपात्र माणूस खेळवला तर मॅच रद्द आणि पुढच्या रविवारी परत. हरकत कधीपर्यंत घ्यायची? मॅचनंतरच्या चहाचे कप खाली ठेवीपर्यंत. दोन्ही नियम काकांचेच. त्यांच्या हरकतीमुळे परत झालेल्या मॅची आता मोजण्यापलीकडे गेल्यात. हेमंत नावाचा मुलगा एकदा अविवाहितांकडून खेळला. काकांनी चहाचा कप हातात धरून जाहीर केलं, की या पोरानं ठाण्याला कोर्टात लग्न केलंय, मी याला आणि मुलीच्या भावाला एका गाडीला बसवून दिलंय. हेमंतच्या आईवडिलांना ही बातमी तिथे मैदानावर कळली. पुढच्या रविवारी हेमंत विवाहितांकडून खेळला आणि सून उंबराखाली काकूंशेजारी बसली होती, वाल सोलत.

बबनची गोष्ट तर आणखी वाईट. बबन दाभोशाच्या बाजूचा, जीप चालवतो, विवाहितांचा बॅक. त्या वर्षी विवाहित सपाटून हरले. आपणच हरलोय म्हटल्यावर काका काय करणार, असं वाटून आम्ही निवांत चहा घेत होतो. काकांनी आपल्याच संघातल्या बबनवर हरकत घेतली. म्हणाले, "याची बायको रुसून खोडाळ्याला माहेरी गेलीय. दिवाळीपासून. बायको नांदती पाहिजे. मॅचच्या दिवशी ज्याची बायको घरी नाय, तो विवाहित नाय."

"काका, ती रुसून गेलीय," बबन म्हणाला. "मेली तं नाय."

"नियमात दोन्ही सारखंच," काका म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. लांबवर काकूही पदरात हसल्या असाव्यात. बबन शिव्या देत गेला, पण आठवड्यात खोडाळ्याला जीप नेऊन बायकोला घेऊन आला. परत झालेल्या मॅचला ती हजर होती. आता त्यांना दोन पोरं आहेत. पण बबन काकांशी त्यानंतर कामापुरतंच बोलायचा. सगळ्या गावासमोर आपण विवाहित नाही असं ठरलं, हे तो विसरला नव्हता.

गेल्या श्रावणात काकू गेल्या. ताप आला, अंगावर काढला, नाशिकला नेलं तेव्हा उशीर झाला होता. काका परत आले ते निम्मे होऊन आले. हॉटेलात चहा कसाही येवो, पिऊन टाकायचे. गणपतीत आम्ही मुद्दाम आरतीचं एक कडवं गाळून पाहिलं. काका टाळ्या वाजवत राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा काळजी वाटली.

त्यांची मुलगी नाशिकला असते. ती म्हणाली, बाबा, इथे एकटे काय करता, माझ्याकडे चला. काका म्हणाले, जानेवारीत मॅच आहे. दिवाळीत ती परत आली तेव्हाही हेच. शेवटी तिनं मला फोन केला. "वसंतदादा, तुमची ती मॅच झाली की मी त्यांना घेऊन जाते. घर बंद करते. तुम्ही जरा समजावा." मी हो म्हटलं. काकांना या गावाशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे दोन वाकड्या खांबांमधली ती जागा, आणि तीही एका रविवारपुरती.

मॅचच्या दिवशी धुकं होतं. काका विवाहितांची जर्सी घालून आले. ती इस्त्री केलेली नव्हती, हे सगळ्यांना दिसलं. कुणी काही बोललं नाही. अविवाहितांच्या पोरांनीही नाही, आणि ती पोरं एरवी कुणाला सोडणारी नव्हेत. काका गोलात उभे राहिले. वाद झाला एकदा, बॉल खांबाला लागून आला तेव्हा. काकांचा हात सवयीनं मागे गेला. उंबराखाली दगड रिकामा होता. त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "गोल होता. द्या त्यांना." तरी विवाहित एका गोलनं जिंकले.

मग चहा आला. असा चहा आम्ही आयुष्यात प्यायलो नसू. जो तो जीभ भाजून घेत, घाईघाईनं घोट संपवून कप खाली ठेवत होता. सगळ्यांना एकच भीती होती. नियम सगळ्यांना पाठ होता, आणि बबन तिथेच उभा होता. बबननं तर कप तोंडालाही लावला नाही, लागलीच खाली ठेवला. सगळे कप खाली आले. फक्त काकांचा हातात होता. त्यांनी त्यातला घोटही घेतला नव्हता.

"हरकत आहे," काका म्हणाले.

"कुणावर?" मी विचारलं. विचारावं लागतं.

"विवाहितांच्या गोलीवर. बायको घरी नाय."

"काका, फेटाळली," मी म्हटलं. "चहा प्या."

"बबनच्या वेळी फेटाळली नव्हतीस."

बबन खाली मान घालून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या काका. मी कधी काय बोललो का? तुमचं लगीन काय पुसलं जातं का?"

"नियमात दोन्ही सारखंच, असं मी बोललो होतो," काका म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो होतो." आणि त्यांनी कप खाली ठेवला, भरलेलाच.

मॅच रद्द झाली. घरी येताना मी चिडून विचारलं, "काय मिळवलंत? जिंकलेली मॅच घालवलीत. पुढच्या रविवारी तुम्हाला उभं राहता येणार नाही." काकांनी माकडटोपी कानांवर ओढली. मग म्हणाले, "वसंता, ती वर्षातनं मॅचलाच काय ती बाहेर यायची रे. घरात आमचं बोलणं मीठ-मिरचीचं. मॅचहून परत येताना मात्र स्टँडपासून घरापर्यंत बोलायची. 'तुम्ही ती कशी अडवलीत', 'ती तुमची चूक नव्हती', असलं. मॅच परत झाली की तेवढा एक रविवार जास्ती मिळायचा." इतक्या वर्षांच्या सगळ्या हरकतींचं मूळ हे होतं. आम्ही त्यांना विक्षिप्त समजत होतो. मला रस्त्यात उभं राहून रडावंसं वाटलं, पण भाजीवाले ओळखीचे होते.

मधल्या आठवड्यात अविवाहितांची पोरं काकांच्या दारात आली. म्हणाली, काका, नियमानं तुम्ही विवाहित नाय, मग आमच्यात या, आमच्याकडे गोली नाय. पोरांच्या मनात वाईट काही नव्हतं. काकांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाले, "मी अविवाहितबी नाय रे." दार लावून घेतलं.

परतच्या रविवारी विवाहितांचा गोली कोण, हा प्रश्नच होता. कुणी तयार होईना. शेवटी बबन जाऊन उभा राहिला. मी शिट्टी वाजवणार, तेवढ्यात काका आले. साधा सदरा, माकडटोपी, हातात सूप. मैदानाकडे न बघता ते गोलच्या मागे उतरले आणि उंबराखालच्या दगडावर बसले. सुपात वाल होते. सोलायला लागले. जमत नव्हतं, निम्मे वाल गवतात उडत होते.

मॅच संपत आली तेव्हा बरोबरी होती. अविवाहितांच्या एका पोरानं बॉल मारला, बबननं रेषेवर पडून धरला. आत की बाहेर? मी अर्थातच लांब होतो. पोरं ओरडायला लागली गोल, विवाहित म्हणाले नाही. बबन चिखलात बसून बॉल पोटाशी धरून राहिला. गोल दिला असता तर काकांनी घालवलेली मॅच बबननंही घालवली, असंच झालं असतं. कुणी ठरवलं नाही, पण हळूहळू सगळ्यांच्या माना उंबराकडे वळल्या.

काकांनी मान वर केली नाही. "होय," ते म्हणाले. "मी पाहिलं. बाहेर होता."

मग बाहेर. मॅच बरोबरीत सुटली आणि तुटक्या हाताचा कप यंदा माझ्याच दुकानात राहिला. चहाच्या वेळी बबन आपला कप घेऊन उतारावर गेला आणि काकांच्या हातात दिला. काकांनी तो पूर्ण प्यायला.

घरी जाताना मी सूप धरलं. स्टँडपाशी येईपर्यंत काका गप्प होते. मग म्हणाले, "वसंता, त्या दगडावर कधी बसलायस?"

"नाही."

"तिथनं काही दिसत नाय रे. रेष नाय, बॉल नाय, काही नाय. उतार आड येतो. गोलीची पाठ दिसते, तेवढीच."

काका घरापर्यंत बोलत राहिले, बबननं कुठली कशी अडवली आणि कुठली त्याची चूक नव्हती.