एका शांत हॉटेलाची निवडप्रक्रिया

शांतता ही माणसाची मूलभूत गरज आहे, यात वाद नाही. वाद आहे तो ती कशी असावी यावर; आणि तो मिटवायला किमान चार माणसं आणि भरपूर आवाज लागतो.

वजनमापे खात्यातल्या एका निरीक्षकांना हे जरा उशिराच कळलं. माणूस सचोटीचा. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले. शंभर ग्रॅमचं वजन अठ्ठ्याण्णव भरलं की त्यांना घास गोड लागायचा नाही. घरातही पारखल्याशिवाय त्यांनी काही घेतलं नाही. छताचा पंखा निवडायला त्यांना अकरा महिने लागले. तोवर उन्हाळा उलटून थंडी पडली होती, पण त्यामुळे पंख्याची परीक्षा घाम न पुसता करता आली. (पंखा उत्तम निघाला. घरात सगळ्यांना सर्दी झाली.)

त्यांची बायको एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची. तेवीस वर्षं. तिच्या अंदाजाने दिवसाला अडीचशे प्रश्न यायचे. त्यांतले नव्वद 'एक्स-रे कुठे काढतात?' हेच, आणि एक्स-रेचा बाण काढलेली पाटी बरोबर तिच्या डोक्यावर टांगलेली. तिने उत्तर दिलं की निम्मे लोक "नक्की ना?" असं विचारायचे, तो प्रश्न तिने मोजणीत धरला नव्हता. घरी आल्यावर ती चपला काढून दहा मिनिटं खुर्चीत गप्प बसायची. घरच्यांना ही सवय फार सोयीची होती. तेवढी दहा मिनिटं ती हमखास एका जागी सापडायची, त्यामुळे दिवसभराचं विचारायचं राहिलेलं सगळं तेव्हाच विचारून घेता यायचं.

वाढदिवसाला दीड महिना असताना एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "यंदा मला पन्नास पूर्ण होतायत. मला वस्तू नको, माणसं बोलवायला नकोत. दोन दिवस कुठल्यातरी शांत हॉटेलात जाऊ. जिथे मला कोणी काही विचारणार नाही."

निरीक्षकांना भरून आलं. सव्वीस वर्षांच्या संसारात तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, "शांत म्हणजे नक्की कसं?"

ती कप विसळायला उठून गेली. निरीक्षकांनी याचा अर्थ, प्रश्न फारच मोघम होता, असा घेतला. आणि तीन दिवस खपून एक प्रश्नावली तयार केली. चौतीस प्रश्न, दोन परिशिष्टं. नमुन्यादाखल :

प्रश्न ४. पक्ष्यांचा आवाज शांततेत धरावा की आवाजात? (पहाटेचे पक्षी आणि संध्याकाळचे पक्षी वेगवेगळे लिहावेत.)

प्रश्न ११. शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकू आलं, पण शब्द कळले नाहीत, तर चालेल का? शब्द कळले तर जास्त चालेल का?

प्रश्न २७. आपलं माणूस घोरल्यास तो आवाज हॉटेलचा समजावा काय?

बायकोने चौतीसही रकान्यांत 'काहीही चालेल' लिहून कागद परत दिला. निरीक्षकांनी तो नीट वाचला आणि 'अपूर्ण' असा शेरा मारून पुन्हा तिच्यापुढे ठेवला. 'काहीही चालेल' असं एखादा वाणी म्हणाला असता, तर त्यांनी त्याचं दुकान बंद केलं असतं. इथे प्रेमाचा प्रश्न होता, म्हणून दुसरी संधी दिली.

मुलगी चोवीस वर्षांची, संगणकावर काम करणारी. बाबांचा कागदी कारभार पाहून तिने कपाळाला हात लावला आणि फोनवर 'शांतता' नावाचा एक ग्रुप काढला. पहिल्या तीन दिवसांत त्यावर चारशे बारा मेसेज आले. (आईचे शून्य. 'आई, तू सहभाग का घेत नाहीस?' अशा अर्थाचे एकोणतीस.) चौथ्या दिवशी निरीक्षकांची थोरली बहीण मदतीला म्हणून बॅग घेऊन राहायलाच आली. अक्का शाळेत कवायतीच्या बाई होत्या. एकतीस वर्षं त्यांनी मैदानावर शिट्टीशिवाय काम चालवलं होतं. त्या आल्या हे शेजाऱ्यांना कळवावं लागलं नाही.

हॉटेलांना फोन करायचं काम अक्कांनी अंगावर घेतलं. "हॅलो! तुमच्याकडे शांतता आहे का? शांतता! काय म्हणालात? अहो, मोठ्याने बोला, काही ऐकू येत नाहीये!" असं त्या दिवसाला सहा-सात हॉटेलांशी बोलायच्या. एका व्यवस्थापकाने सांगितलं की आमच्याकडे पूर्ण शांतता असते, कंटाळा आल्यास बँडची सोय होईल. दुसरा म्हणाला, "बाई, इथे इतकं शांत आहे की लोक दोन दिवसांसाठी येतात आणि दुसऱ्या सकाळी निघून जातात." अक्कांनी दोघांनाही पैकीच्या पैकी गुण दिले, कारण दोघंही त्यांच्याशी आदराने बोलले.

मुलगी लोकांचे अभिप्राय गोळा करत होती. एकोणीस हॉटेलांचे मिळून सहाशेच्या वर. त्यांतून जनतेची शांततेबद्दलची मतं ठळक पुढे आली. एका पाहुण्याने लिहिलं होतं, 'शांतता चांगली होती, पण प्रमाण थोडं जास्त वाटलं.' एका बाईंनी एकच तारा देऊन तक्रार केली होती की नवरा किती कमी बोलतो हे त्यांना इथे येईपर्यंत माहीत नव्हतं, आणि याला हॉटेल जबाबदार आहे.

रोज संध्याकाळी समिती बसायची. बायको कामावरून येऊन चपला काढायची, खुर्चीत टेकायची, आणि तिघं तीन बाजूंनी पुढे सरकायची.

"फक्त एकच विचारतो," निरीक्षक म्हणायचे. "तळ्याकाठचं की डोंगरावरचं?"

"तुम्ही ठरवाल ते."

"असं कसं, वाढदिवस तुझा आहे. तळं म्हटलं की बेडूक आले. बेडूक चालतील का?"

"चालतील."

"आई, नीट विचार करून सांग हं," मुलगी म्हणायची. "मागाहून म्हणशील बेडूक होते."

"हिला काही कौतुकच नाही!" अक्का म्हणायच्या. हे त्या हळू म्हणायच्या, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंतच.

निरीक्षकांना वाईट वाटायचं. आपण हिच्यासाठी एवढं करतो आणि हिला साधा बेडकांबद्दल उत्साह दाखवता येऊ नये! पण कर्तव्यात कसूर नको म्हणून ते दर संध्याकाळी नव्या उमेदीने विचारत राहिले.

एकोणिसांतून तीन हॉटेलं उरली. निरीक्षकांनी रीतसर अर्ज करून कार्यालयातून आवाज मोजायचं यंत्र मागून घेतलं आणि प्रत्यक्ष पाहणीला निघाले. पहिल्या हॉटेलच्या खोलीत छोटा फ्रिज घुर्र करत होता. तो बंद करायला लावला, तेव्हा शेजारच्या खोलीतला फ्रिज ऐकू आला. तोही बंद केल्यावर गटाराचा पंप ऐकू आला. तो बंद केल्यावर हॉटेलातले सगळे लोक बाहेर येऊन बोलू लागले. हॉटेल नापास. दुसऱ्या हॉटेलात शांततेची फारच काळजी घेतली जायची : दर अर्ध्या तासाने कर्ण्यावरून 'कृपया शांतता राखा' अशी सूचना देत, तीन भाषांत. तेही नापास झालं.

वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना बायकोचा आवाज बसला. एका दुपारी खिडकीवर कोणीतरी "एक्स-रे कुठे?" विचारलं, तिने तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आठ दिवस रजा घ्या, एक शब्दही बोलायचा नाही. (जाता जाता त्यांनीच तिला विचारलं, भांडारगृह हल्ली कुठे हलवलंय?)

घरात काळजी पसरली, पण समितीला ही आपत्ती वायाही घालवायची नव्हती. ती आता पूर्णवेळ उपलब्ध होती. मुलीने तिला एक पाटी आणि खडू आणून दिला. लेखी उत्तरं मिळाल्याने इतिवृत्तात नेमकेपणा आला, असं निरीक्षकांचं मत पडलं. तिसऱ्या दिवशी तिने कोणी न विचारता पाटीवर लिहिलं, 'आपण घरीच राहू.' यावर सविस्तर चर्चा झाली. आजारपणात माणूस हळवा होतो, अशा माणसाचं म्हणणं मनावर घेऊ नये, असं ठरून सूचना तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळण्यात आली. तिने पाटी पुसली. ती पुसताना निरीक्षकांकडे पाहत होती. निरीक्षक ठराव लिहीत होते.

आता तिसरं हॉटेल उरलं. तिथे कोणी फोनच उचलत नव्हतं. अक्कांच्या मते हा उद्धटपणा, मुलीच्या मते शांततेचा पुरावा. प्रत्यक्ष जाऊन पाहण्याला पर्याय नव्हता, आणि तिघांनाही मोकळा असा एकच रविवार शिल्लक होता : वाढदिवसाचा. ठरलं असं की तिघांनी सकाळी सातला निघायचं, हॉटेल पास झालं की फोन करायचा, आणि तिने बारा वाजताच्या बसने यायचं. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. निघताना निरीक्षकांनी दारात तिला अकरा प्रश्न विचारले. अकराव्याला तिने मान हलवली आणि दार लावून घेतलं.

अडीच तासांच्या बसप्रवासानंतर ते हॉटेल आलं. स्वागतकक्षात कोणी नव्हतं. टेबलावर घंटी होती आणि तिच्याखाली चिठ्ठी : 'घंटी वाजवू नये.' चाळीस मिनिटांनी अनवाणी पायांनी एक व्यवस्थापक आला आणि कुजबुजत म्हणाला, "या." निरीक्षकांनी यंत्र चालू केलं. चोवीस डेसिबल. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी इतकी भेसळ नसलेली वस्तू पाहिली नव्हती. अक्का आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलल्या. म्हणाल्या, "मला भीती वाटते रे इथे."

निरीक्षकांचा आनंद गगनात मावेना. खोली क्रमांक सात की नऊ, एवढंच ठरायचं होतं. सातमध्ये सकाळचं ऊन, नऊमध्ये संध्याकाळचं. त्यांनी तिला विचारायला फोन लावला.

फोन बंद होता.

त्यांनी आठ वेळा लावला. मग मुलीने. मग अक्कांनी लावून पाहिला, जणू तो त्यांच्या धाकाने चालू होईल. निरीक्षकांच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. बाई घरात एकटी. पडली, तर हाक मारायला गळ्यात आवाज नाही. व्यवस्थापक कुजबुजत "मग खोली..." म्हणेपर्यंत तिघं रस्त्यावर होती. परतीच्या बसमध्ये कोणी अवाक्षर काढलं नाही. यंत्र मांडीवर चालूच होतं, पण निरीक्षकांनी आकडा वाचला नाही.

दार त्यांनी आपल्या किल्लीने उघडलं. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर आडवी होती.

निरीक्षक धावत आत गेले. ते गुडघ्यांवर बसले, तिच्या नावाची हाक ओठांवर आली, आणि तिथेच अडकली. तिचे दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर केलेले होते. उशाला अर्धा प्यालेला चहा. डोळे मिटलेले, आणि पायाची बोटं कुठल्यातरी गाण्याच्या ठेक्यावर हलत होती. चेहरा असा, की निरीक्षकांना वाटलं, या बाईला आपण पूर्वी ओळखत होतो. हातातल्या यंत्राकडे सवयीने नजर गेली. बावीस.

"काय झालं गं हिला!" मागून अक्का.

ब्याऐंशी.

बायकोने डोळे उघडले. आठ दिवसांची मुदत त्याच दुपारी संपली होती. तिने खाकरून आवाज आहे का ते पाहिलं आणि घोगऱ्या गळ्याने पहिलं वाक्य बोलली, "पुढच्या रविवारी पण जाल का तपासायला?"

निरीक्षकांना लागलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच लागलं. ते बराच वेळ बेसिनपाशी उभं राहून हात धूत होते. पण माणूस मापात खोट करणारा नव्हता. संध्याकाळी त्यांनी फाईल उघडली आणि शेवटच्या पानावर लिहिलं : 'ठिकाण – राहतं घर. सोयी – समाधानकारक. अट – आम्ही बाहेर असणं.' खाली सही केली.

तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी ते बहिणीला आणि मुलीला घेऊन एकेक हॉटेल तपासायला जातात. आजवर नऊ झाली, एकही पसंत पडलेलं नाही. (ते कुजबुजणारं हॉटेल 'शांतता मापापेक्षा अधिक' या कारणास्तव नाकारण्यात आलं.) अक्का भावाच्या चिकित्सकपणाला कंटाळल्या आहेत. मुलीला सगळं कळलं आहे, पण ती बोलत नाही. घरी परतल्यावर निरीक्षक बायकोला काही विचारत नाहीत. सुरुवातीला नुसत्या त्या प्रयत्नाने त्यांना घाम फुटायचा. आता पंधरा मिनिटांपर्यंत जमतं.

तुमची गोष्ट अर्थातच वेगळी. तुम्ही समंजस आहात. इतका वेळ एका जागी गुपचूप बसून वाचलंत, यातच सगळं आलं. फार तर मध्ये कुठेतरी हसू आलं असेल आणि मान वर करून तुम्ही आतल्या खोलीकडे हाक मारली असेल, "ऐक ना, काय गमतीदार लिहिलंय!" उत्तर आलं नाही म्हणून आता पुन्हा हाक मारायला उठू नका.

पहिली ऐकू गेलेली आहे.