शिडीबरोबर येणारे बशीरचाचा

आमच्या गल्लीत बशीरचाचांची शिडी मागितली, की शिडीबरोबर बशीरचाचाही येतात. एकटी शिडी ते कुणाच्या घरी पाठवत नाहीत. आपण वर चढून काम करायचं आणि चाचांनी खाली खुर्ची टाकून उन्हात बसायचं. का, तर शिडीवर नजर ठेवायला.

"चाचा, शिडी काय पळून जाणार आहे?" मी एकदा विचारलं.

"शिडी न्हाई पळत. मानसं पळवत्यात."

चाचा म्हणजे श्रीरामपुरातले जुने रंगारी. निम्म्या गावाला त्यांनी रंग दिलाय. भिंतीत ओल कुठून येते हे शोधण्यात उमर गेली, आणि आता हात थकले तरी शोध चालूच आहे. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली, "कुठंतरी पानी मुरतंय." पुण्याचा जावई फोनवर गोड बोलला, "पानी मुरतंय." मागे डॉक्टरने बीपी एकदम नॉर्मल आहे म्हणून सांगितलं, तर हा आपल्यापासून काय लपवतोय हे विचारायला चाचा दुसऱ्या डॉक्टरकडे गेले!

डिसेंबर लागला की आमच्याकडे शिडीची कामं निघतातच. नाताळची चांदणी दारावर लावायची, पत्र्यावर गोधड्या उन्हात टाकायच्या, परसातले पेरू उतरवायचे. सकाळी दहाच्या सुमाराला अंगणात असं काही ऊन येतं, की माणसाने कामाला जाऊच नये. चाचांची खुर्ची नेमकी त्या उन्हात. माझी बायको मार्था भाजलेल्या शेंगा आणि गूळ आणून ठेवते.

"गूळ लई पिवळा हाय," चाचा खडा उजेडात धरून म्हणतात. "पावडर मारली असनार."

"नका खाऊ मग."

"खाल्ल्याशिवाय कसं कळंल?"

गुळावर संशय घेत घेत ताटली रिकामी होते. मग पेरू. पेरूत अळी असणार म्हणून आधी मला खायला लावतात आणि मी जिवंत राहिलो की स्वतः दोन खातात. उन्हावरदेखील त्यांचा विश्वास नाही. "आज लई झ्याक पडलंय. रातच्याला थंडी दावा साधनार बघ."

माझं काम पाव तासात आटोपतं. पण शिडी लगेच हलवलेली चाचांना चालत नाही. "दमली आसंल. बसू दे तिला जरा." ती बसते म्हणून तेही बसतात, आणि दुपारच्या नमाजाची वेळ झाली की शिडी खांद्यावर टाकून उठतात. चाचांचा खरा डोळा मार्थाच्या नाताळच्या करंज्यांवर असावा, असा मला पहिल्यापासून दाट संशय. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

यंदा आमच्या मुलीने पुण्याहून ॲल्युमिनियमची घडीची शिडी पाठवली. "पप्पा, किती दिवस लोकांकडे मागत बसणार?" शिडी झकास होती. मी ती भिंतीला लावून पाहतच होतो, तेवढ्यात चाचा आले. तिच्याभोवती एक चक्कर मारली. बोटाने टकटक केलं. पाणी कुठे मुरतंय ते काही सांगितलं नाही. मी खुर्ची पुढे केली.

"बसू कशाला? माझं काय काम हाय हितं?" असं म्हणून गेले.

त्यानंतर रस्त्याने जाता-येता चाचा सरळ पुढे बघून जायला लागले. हाक मारली तर "घाई हाय" म्हणायचे. चाचींना जाऊन दोन वर्षं झाली. मुलं बाहेरगावी. घाई कसली, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. इकडे अंगणात ऊन पडलेलं, शेंगा भाजलेल्या, आणि मला काही केल्या त्या गोड लागेनात. इतका शंकेखोर माणूस, पण तो नसला की करमत नाही, हे मला नवीनच कळत होतं.

डिसेंबर निम्मा उलटल्यावर एका सकाळी चाचा फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"साळवे, एक इचारू? खरं सांगायचं."

"विचारा ना."

"मी लई वेळ बसत हुतो, म्हनून घेतली का शिडी?"

जन्मभर जगावर संशय घेणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच स्वतःवर घेतला होता. नाही म्हणावं, तर हा माणूस कशावर विश्वास ठेवणार?

एवढ्यात मार्था पदराला हात पुसत बाहेर आली. "बरं झालं आलात, चाचा. चांदणी लावायची राहिलीय. ही नवी शिडी भलतीच हलते, मी यांना चढूच देत नाही. तुमची आणता का?"

शिडी भिंतीला पक्की उभी होती.

चाचा आत आले. दोन्ही हातांनी शिडी धरून त्यांनी गदागदा हलवून पाहिली. ती तसूभर हलली नाही. ज्यांचं सगळं आयुष्य शिडीवर गेलं, त्यांना हे कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्यांनी एकदा मार्थाकडे पाहिलं.

"व्हय गं बेटा," चाचा म्हणाले, "लई हलती." आणि आपली शिडी आणायला लगबगीने निघाले.