ओळखतो, पण ओळख पटत नाही

मी फक्त सह्या गोळा करायचं ठरवलं होतं. मतदानाला मुदतीतलं, फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं करा, एवढीच मागणी. (खरं कारण आमच्या हिच्या कानावर जाऊ देऊ नका. विरोधी पक्षाचा उमेदवार म्हणजे हिचा सख्खा धाकटा भाऊ. त्याची सगळी भिस्त नव्या बिल्डिंगमधल्या भाडेकरू पोरांवर. आज इथे, उद्या तिथे. त्यांच्याकडे कसली आलीत धड कागदपत्रं?) माझ्यासारखे उपद्व्यापी बरेच निघाले आणि नियम झालासुद्धा!

मतदानाच्या दिवशी बाबांना घेऊन शाळेत गेलो. बाबा चौऱ्यांशी वर्षांचे, आमच्या पक्षाचे कट्टर, आणि याच शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलेले. टेबलामागचा अधिकारी त्यांना बघून ताडकन उठला.

"सर! या, बसा!"

बाबांनी ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं. त्याचा चेहरा उतरला.

"सर, याची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलीय."

"डोळे अधू झाले, गाडी सोडली. पण तू मला ओळखतोस ना?"

"ओळखतो हो सर. पण ओळख पटत नाही."

बाबा माझ्याकडे वळले. "कुठल्या गाढवाने केला हा नियम?"

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. (पायात चपला होत्या.)

मागोमाग आमच्या गल्लीतले म्हातारे एकेक करून परत फिरले. सगळी हक्काची मतं! माझ्या मावशीच्या कार्डावर तर अजून माहेरचं नाव, यादीत सासरचं. आणि भाडेकरू पोरं? घरमालकांनी करारासाठी पिच्छा पुरवलेला, त्यामुळे प्रत्येकाच्या खिशात कोरं करकरीत ओळखपत्र. मी आ वासून बघत राहिलो.

मेहुणा अकरा मतांनी निवडून आला. परत गेलेले आमचे छत्तीस.

बाबा त्या दिवशी नीट जेवले नाहीत. "आयुष्यात पहिल्यांदा मतदान चुकलं रे," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी मेहुणा घरी आला. मी नाक मुठीत धरून म्हणालो, "प्रचारात म्हणाला होतास ना, हा नियम रद्द करू म्हणून? कर बाबा लवकर."

"दाजी, तेव्हा तो इतका चांगला आहे हे कुठे ठाऊक होतं? आता आणखी कडक करतोय. आमच्या समितीवर तुमचंच नाव सुचवलंय. पक्षासाठी तुमच्याइतकं कुणीच राबलं नाही!"

मी पुन्हा नाडी बांधायला वाकलो. हिने मात्र माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.