रकाना सात: नैसर्गिक अडथळा

दोन ठिकाणांमधलं अंतर चालणाऱ्याच्या पायांवर नव्हे, मोजणाऱ्याच्या हुद्द्यावर अवलंबून असतं. हे ज्याला उमगलं तो शिक्षण विभागात टिकतो. मी, उद्धव, वरिष्ठ लिपिक, सत्तावीस वर्षं टिकून आहे.

यंदा वरून आदेश आला, की वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा जवळच्या शाळेत विलीन कराव्यात. हेतू उदात्त होता. एका खोलीत सतराच लेकरं बसली की त्यांना एकटं एकटं वाटतं, असं समितीला (सदस्य चार, बैठकीस हजर दोन) आढळून आलं होतं.

सिद्धेश्वर धरणाच्या काठावरच्या एका तांड्याची शाळा नेमकी सतरा लेकरांची निघाली. साहेबांनी संगणकावरच्या नकाशात तिथून जवळच्या शाळेपर्यंत रेघ ओढली. आठशे मीटर! काय ती सरळ रेघ, अहाहा, बघूनच मला भरून आलं. मधे धरणाचं पाणी होतं, नाही असं नाही. पण आमच्या नमुन्यातला सातवा रकाना विचारतो, ‘मार्गात नैसर्गिक अडथळा आहे काय?’ धरण सरकारने बांधलेलं, म्हणजे पाणी कृत्रिम. मी ठसठशीत अक्षरात ‘निरंक’ लिहिलं.

शाळेला कुलूप लागलं आणि चौथ्या दिवशी तांड्यावरच्या जनकाबाई कार्यालयात हजर. सोबत तिसरीतली लेक, प्रतिक्षा.

“सायेब, लेकरू पाण्यावरून चालत जाईल का?”

“रस्त्याने पाठवा ना, बाई.”

“रस्त्यानं चौदा किलोमीटर हाय. गाडी तरी द्या शाळेची.”

“गाडीसाठी अंतर एक किलोमीटरच्या वर लागतं. तुमचं आठशे मीटर भरतं.”

“मंग चला, तुमी चालून दाखवा ते आठशे मीटर!”

बाईंचा सूर मला मुळीच आवडला नाही. तरी डोकं शांत ठेवून विचारलं, पाणी कधीच हटत नाही का?

“हटतंय की. मे महिन्यात.”

मी तत्काळ टिपण लिहिलं. ‘मार्ग उन्हाळ्यात कोरडा असतो (त्या काळात शाळेस सुट्टी असल्याने विद्यार्थ्यांची कोणतीही गैरसोय होत नाही).’

प्रतिक्षा इतका वेळ माझ्या टेबलावरचा नमुना बोट ठेवून वाचत होती. सातव्या रकान्यापाशी थांबली आणि आईला म्हणाली, “याडी, मला समदं वाचता येतंय. मंग शाळा काहून बंद केली?”

या प्रश्नाला रकाना नव्हता. मी चहा मागवला.

पुढचं काम लोकांनीच केलं. तिचा बाप खेमा धरणात मासे धरतो, थर्माकोलच्या तराफ्यावरून. त्याच तराफ्यावर लेकीला बसवून तो रोज पलीकडे सोडू लागला. दप्तर डोक्यावर, चपला हातात. तराफा दोनदा कलंडला. एकदा पुस्तकं भिजली, एकदा प्रतिक्षा. पुस्तकं नवी मिळतात (पुढच्या वर्षी). उरलेल्या सोळांपैकी नऊ शेळ्यांमागे गेली, चार आईबापासोबत ऊसतोडीला, तिघांचा तपशील मागवला आहे.

मग कुणीतरी काठावरून फोटो काढला आणि वर लिहिलं, ‘जिद्द असावी तर अशी!’ फोटो जिल्हाभर फिरला. साहेबांनी स्टेटसला ठेवला, मी ठेवला, आणि आता उगाच साळसूदपणाचा आव आणू नका, तुम्हीही खाली बदाम टाकून पुढे पाठवलात. तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर त्याच्याच खाली तुमची तक्रार होती, की शाळेची पिवळी बस गेटऐवजी कोपऱ्यावर थांबते, मुलांना उन्हात चालावं लागतं. दुसऱ्या दिवसापासून बस गेटवर येऊ लागली. शाळा चांगली आहे तुमची, खरंच.

जनकाबाईंचा गाडीचा अर्ज साहेबांपुढे गेला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “याबाबत जनतेत नाराजी आहे का?”

मी पुरावा जोडला. फोटोखाली आलेले एक हजार दोनशे सहा बदाम, नावांसकट, छापील प्रतीत. साहेब खूश. शेरा पडला, ‘सध्याच्या व्यवस्थेबद्दल जनता समाधानी. गाडीची आवश्यकता नाही. अर्ज निकाली.’

प्रतिक्षा आजही तराफ्यावरूनच जाते. बदामांच्या यादीत तुमचं नाव वरून तिसरं आहे.